घाटात जाणारे ब्रेक आणि गॅरेजमध्ये न सापडणारा दोष: साताऱ्यातल्या एका गाडीचं प्रकरण

एका सात आसनी डिझेल गाडीचे ब्रेक दोन महिन्यांत दोनदा घाटात गेले. दोन्ही वेळा गाडी गॅरेजमध्ये पोचली तेव्हा ब्रेक व्यवस्थित लागत होते. पहिल्या गॅरेजने पॅड (ब्रेक लागताना घासणारे तुकडे) बदलले, दुसऱ्याने मास्टर सिलेंडर (पेडलचा जोर ब्रेकच्या तेलात उतरवणारा पंप). दोघांनीही चालवून बघितली, "ओके आहे" म्हणून चावी हातात दिली. दोष होता तिथेच राहिला. तिसऱ्या ठिकाणी तो सापडला, तोही निम्म्याहून अधिक, पाना हातात घेण्याआधीच.

गाडी माझ्या शेजारच्या घरातली. बिलं, फोनमधले फोटो आणि घरातल्या मंडळींचं बोलणं यावरून पहिला भाग जुळवला आहे. तिसऱ्या गॅरेजला मी सोबत होतो. घरच्यांची आणि गॅरेजांची नावं वगळली आहेत.

घर आणि रस्ते

गोडोलीतलं घर. आजोबा निवृत्त शिक्षक, मुलगा औद्योगिक वसाहतीत नोकरीला, सूनबाई बँकेत, आजी आणि दोन शाळकरी मुलं. गाडी नऊ वर्षांची, एमएच ११ पासिंग, पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी), मागे ड्रम (चाकाबरोबर फिरणारा डबा), चाकं जाम होऊ न देणारं एबीएस असलेली. रोजची धाव पोवई नाका, शाळा, बाजार एवढीच. या सपाट वापरात ब्रेकबद्दल कधी तक्रार नव्हती.

पण मूळ गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयाकडे, बामणोलीच्या बाजूला. तिथून परतायचं म्हणजे आधी कासपर्यंत चढण, मग पठारावरचा वर-खाली रस्ता आणि शेवटी यवतेश्वरचा घाट उतरून समर्थ मंदिराशी साताऱ्यात. शिवाय सुट्टीत पाहुणे आले की महाबळेश्वर-पाचगणी ठरलेलंच. साताऱ्यातली गाडी नुसती शहरातली गाडी नसते. वर्षातले थोडेच दिवस ती घाटात असते, पण ब्रेकची खरी परीक्षा त्याच दिवशी होते. गॅरेजमधली चाचणी मात्र सपाटीवर, रिकाम्या आणि थंड गाडीची.

यवतेश्वर, एप्रिल

गावची जत्रा करून परत येत होते. गाडीत सात माणसं, मागे तांदळाचं पोतं, टपावर बोचकी. मुलगा चालवत होता. घाट उतरताना गाडी चौथ्या गिअरमध्ये, सरळ पट्टा आला की न्यूट्रल, आणि पाय ब्रेकवर जवळजवळ सतत. खाली सातारा दिसायला लागला तेव्हा एका वळणाला पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणाला ते थेट तळाला गेलं.

त्याने भराभर पंप मारले तशी अर्धवट पकड आली. गिअर तिसरा, मग दुसरा केला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या चरीला लावून थांबवली. चाकांना दगड लावले. डाव्या पुढच्या चाकाकडून जळका वास येत होता. आजोबांनी चाकावर ओतायला पाण्याची बाटली काढली होती, सूनबाईंनी हात धरला. बरं केलं. लाल व्हायच्या बेतात तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते, प्रसंगी तडकते.

पाऊण तासाने पेडल पुन्हा पूर्वीसारखं झालं. पहिल्या गिअरमध्ये मंडळी घरी पोचली.

दुसऱ्या दिवशी जवळच्या गॅरेजमध्ये टाकीतलं ब्रेक ऑइल बघितलं, गळती शोधली, एक चक्कर मारली. "ब्रेक कडक आहेत, पॅड मात्र संपत आलेत," असं निदान झालं, आणि पॅड खरोखरच संपत आले होते. पुढचे पॅड बदलले. हँडब्रेकची दांडी फार वर येत होती म्हणून केबल ताणून दिली. बिल पटावं म्हणून जुन्या पॅडचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. तो फोटो आणि ती ताणलेली केबल, दोन्ही पुढे कामाला येणार आहेत.

पसरणी, मे

पाचगणीहून वाईला येताना पसरणी घाटात उंची पाचशे मीटरहून जास्त उतरते. पुन्हा पाहुणे, पुन्हा भरलेली गाडी. यावेळी मुलगा जपून चालवत होता, पण जपून म्हणजे ब्रेक आणखी धरून. मध्ये कणीस खायला थांबले. थांबेपर्यंत पेडलला काही झालं नव्हतं. दहा-पंधरा मिनिटांनी निघायला म्हणून ब्रेकवर पाय ठेवला आणि जागच्या जागी, उभ्या गाडीत, पेडल तळाला गेलं.

हा प्रकार सगळ्यांना चक्रावणारा वाटला. खरं तर दोषाचा सगळ्यात ठळक पुरावा हाच होता. गाडी पळत असते तोवर डिस्कला वारा लागत असतो. ती थांबली की वारा बंद, आणि डिस्क-पॅडमधली साठलेली उष्णता सावकाश कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यात), तिथून आतल्या तेलात झिरपते. डिस्क निवत जाते, तेल मात्र काही मिनिटं तापतच राहतं. त्यामुळे ते कधी कधी घाटात न उकळता थांब्यावर उकळतं.

दुसऱ्या गॅरेजला सांगितलं गेलं ते इतकंच: "उभ्या गाडीत पेडल तळाला गेलं, गळती कुठेच नाही." हे ऐकून कुणीही अनुभवी माणूस मास्टर सिलेंडरकडे बोट दाखवेल. मास्टर सिलेंडरच्या आतली रबरी सील झिजली की दाब पुढे जायच्या ऐवजी आतल्या आत मागे सरकतो. बाहेर थेंब दिसत नाही आणि पेडल खाली जातं. त्या गॅरेजला मी दोष देणार नाही. मिळालेल्या माहितीवर निदान चूक नव्हतं, फक्त माहिती विचारून घेतली नव्हती. मास्टर सिलेंडर नवा बसला, बिल हजारांत गेलं. एअर, म्हणजे तेलात अडकलेली हवा, काढली ती सिलेंडरच्या तोंडाशी, पाइपांचे जोड ढिले करून, आणि वरून नवं तेल भरलं. चाकांपर्यंत कुणी गेलंच नाही. म्हणजे कॅलिपरमध्ये होतं ते तेल तसंच राहिलं. जुना सिलेंडर मात्र खोक्यात घालून परत दिला, ही त्यांची चांगली सवय.

"मऊ पडलं का कडक राहिलं?"

मुलांना घेऊन या गाडीत आता बसणार नाही, असं सूनबाईंनी जाहीर केल्यावर गाडी जूनच्या सुरुवातीला तिसऱ्या ठिकाणी गेली. मिस्त्री पूर्वी ट्रक आणि जीपवर काम केलेले, बोलायला थोडे तिरसट. बॉनेट उघडायला मुलगा पुढे झाला तर म्हणाले, "राहू द्या. आधी बसा आणि सांगा. पेडल मऊ पडलं का कडक राहिलं?"

पुढचा बराच वेळ ते विचारतच होते. दोन्ही वेळा रस्ता कुठला, चढ का उतार? गाडीत किती माणसं? गिअर कुठला? पंप मारल्यावर पेडल वर आलं का? निवल्यावर आपोआप बरं झालं का, का काही केल्यावर? सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलात तर पेडल हळूहळू खाली सरकतं का? तेल कमी होतं का? ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला घेते का? वास कुठल्या चाकाचा? या शेवटच्या प्रश्नाला मुलगा म्हणाला "सगळीकडून", आणि सूनबाई म्हणाल्या, "नाही, डावीकडून. खिडकी माझ्या बाजूची होती."

प्रत्येक प्रश्न एकेक शक्यता बाद करत होता. पेडल कडक आहे, पायाला भरपूर जोर लागतोय आणि गाडी मात्र थांबत नाही, असं असेल तर तेलाचा संबंध नाही. पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते, किंवा बूस्टरला (पायाच्या जोराला मदत करणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम मिळत नसतो. डिझेल गाडीत हा व्हॅक्यूम इंजिनवर चालणारा पंप तयार करतो. म्हणून उतारावर इंजिन बंद केलं तर दोन-तीन दाबांनंतर पेडल दगडासारखं होतं. पेडल थंड गाडीतही, सिग्नलला उभं असताना, पायाखाली सावकाश बुडत असेल तर मास्टर सिलेंडर. पेडल नेहमीच खोल आणि टाकीतली पातळी घटत असेल तर गळती, बहुतेकदा मागच्या व्हील सिलेंडरची (चाकात ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलेंडरची) किंवा एखाद्या होजची (रबरी नळीची). पहिल्या दाबाला खोल आणि लगेच दुसऱ्या दाबाला वर येत असेल तर मागचे शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्या) ड्रमपासून फार लांब गेलेले.

इथे पेडल मऊ पडलं, फक्त लांब उतारानंतर पडलं, पंप मारल्यावर अर्धवट आलं आणि निवल्यावर काहीही न करता पूर्ववत झालं. या चार गोष्टी एकत्र आल्या की उत्तर एकच उरतं: तेल उकळलं. द्रव दाबला तर आकसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल त्या बुडबुड्यांनाच दाबत बसतं. निवलं की वाफेचं पुन्हा तेल होतं आणि पुरावा नाहीसा होतो. दोन गॅरेजांना ब्रेक ठणठणीत दिसले ते यामुळे.

"ही गाडी मला सपाटीवर दाखवून उपयोग नाही," मिस्त्री म्हणाले, "पण आता कुठं हात घालायचा ते कळलं."

मग बिलांची प्लॅस्टिकची फाइल मागितली. नऊ वर्षांत इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललेलं. ब्रेक ऑइलच्या रकान्यात मात्र प्रत्येक वेळी "टॉप अप", किंवा काहीच नाही. म्हणजे कॅलिपरमधलं तेल कारखान्यातून आलं तेच.

ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं, झाकणाच्या छिद्रातून आणि रबरी होजच्या भिंतीतूनसुद्धा. डॉट ४ प्रतीचं ताजं तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत दोन-तीन वर्षांनी ते बदलायला सांगितलेलं असतं. पावसाळ्यात आपल्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात महिनोन्महिने हवा ओली असते, आणि ही गाडी उभी असते उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये. टाकीत वरून ताजं तेल घातल्याने खालचं सुधारत नाही. टाकीपासून चाकापर्यंत ते फिरत नसतं, फक्त दाब पुढे देतं. उकळतं ते चाकाशी असलेलं.

तरीही एकटं तेल दोषी नाही

इथे थांबून तेल बदललं असतं तरी गाडी कदाचित पुन्हा फसली नसती. मिस्त्रींना ते पुरेसं वाटलं नाही. जुनं तेल घेऊन कितीतरी गाड्या रोज घाट उतरतात. याच गाडीचं उकळलं तर एवढी उष्णता आली कुठून, आणि डावीकडूनच वास का?

त्यांनी स्वतः गाडी सपाट रस्त्यावर फिरवून आणली आणि लगेच चारही चाकांवर तापमान मोजायची बंदूक धरली. कोविडच्या काळात दारोदार कपाळाला लावायचे ती बंदूक इथे निकामी, तिची मजल तापाच्या आकड्यांपर्यंतच. ही वेगळी, कारखान्यात वापरतात ती. पुढचं डावं चाक उजव्याच्या दुपटीहून जास्त तापलेलं होतं. मागची दोन्ही जवळजवळ गार. एवढ्या एका तपासणीत दोन दोष उघडे पडले.

डावं चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवलं तर घासत फिरत होतं. मग कॅलिपरचा निप्पल (तेल आणि हवा बाहेर काढायचं बारीक तोंड) थोडा ढिला केला. तेलाचे थेंब आले, चाक मोकळं झालं नाही. ही छोटी चाचणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. निप्पल उघडताच चाक सुटलं असतं तर तेलाचा दाब अडकून राहतोय असं ठरलं असतं, म्हणजे होज आतून फुगलेला किंवा मास्टर सिलेंडर परत न येणारा. सुटलं नाही, म्हणजे जाम झालंय ते लोखंड. कॅलिपर काढल्यावर वरची स्लाइड पिन हातोडीचे ठोके दिल्याशिवाय हलेना. तिचं रबरी बूट (आवरण) फाटलेलं, आत ग्रीसच्या जागी तांबूस चिखल.

या प्रकारच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने सगळा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन अडकली की बाहेरचा पॅड आळशी होतो, आतला एकटा झिजतो, आणि ब्रेक सोडल्यावरही कॅलिपर नीट मागे न सरकल्यामुळे पॅड डिस्कला चिकटून घासत राहतो. सूनबाईंनी तेवढ्यात फोनमधला एप्रिलचा फोटो काढून दाखवला. डाव्या बाजूचे दोन जुने पॅड शेजारी शेजारी ठेवलेले, एक पत्र्यापर्यंत संपलेला, दुसरा निम्मा शिल्लक. मिस्त्रींनी फोटो मोठा करून बघितला आणि पहिल्या गॅरेजबद्दल एक शब्द उच्चारला, तो इथे देत नाही.

पण पॅड बदलताना पिन कशी दिसली नाही? पॅड घालायला खालचा एकच बोल्ट काढून कॅलिपर वरच्या पिनवर उचलला की काम होतं. पिन सरकत नसली तरी जोर लावला तर फिरते. घाईत असं करणारे बरेच आहेत.

मागच्या ड्रमची गोष्ट मला सगळ्यात मजेशीर वाटते. आजोबा अभिमानाने सांगत, "मागचे लायनर अजून कंपनीचेच आहेत, नव्यासारखे." ड्रम उघडले तर लायनर, म्हणजे शूवरचे घासणारे थर, खरोखर नव्यासारखे, आणि वर काचेसारखी चकाकी. मागचे लायनर पुढच्या पॅडपेक्षा खूप जास्त टिकतात हे खरं, पण नऊ वर्षांत एवढे कोरे राहिले याचा अर्थ ते काम करत नव्हते. शू आणि ड्रममधलं अंतर आपोआप जुळवणारा ॲडजस्टर धूळ आणि गंजाने बसला होता. त्यात एप्रिलमध्ये हँडब्रेकची केबल ताणलेली. दांडी वर येते म्हणजे शू लांब गेलेत, तिथे आधी शू जुळवायचे असतात. आधी केबल ताणली की शू अर्धवट ओढलेल्या स्थितीत अडकतात आणि ॲडजस्टरला काम करायला वावच उरत नाही. लक्षण झाकलं जातं, बिघाड पक्का होतो.

आता सगळं जुळलं. मागची चाकं वाटा उचलत नव्हती, पुढच्या चाकांवर जास्तीचं ओझं, त्यात डावं चाक सपाटीवरही घासून आधीच तापलेलं, आणि त्याच्या कॅलिपरमध्ये नऊ वर्षं जुनं, ओल धरलेलं तेल. यातला एकच दोष असता तर घरच्यांना कदाचित कधी कळलंही नसतं.

खोक्यातला जुना मास्टर सिलेंडर मिस्त्रींनी हौसेने उघडला. आतली भिंत गुळगुळीत, सील शाबूत. तो बदलायची गरज नव्हती. दुसऱ्या गॅरेजकडून पैसे मागायचे का यावर घरात चर्चा झाली, मागितले नाहीत.

दुरुस्ती

दोन्ही बाजूंच्या पिना, बूट आणि पॅड बदलले. ब्रेकचं काम नेहमी जोडीनं करायचं, एका बाजूला नवं आणि दुसऱ्या बाजूला जुनं असं ठेवलं तर गाडी ओढते. पिनांना ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉनचं ग्रीस लावलं. साध्या बेअरिंग ग्रीसने रबर फुगतं. दुसऱ्या टोकाच्या चुकीबद्दलही मिस्त्रींनी सांगितलं: कुणीतरी टाकीत चुकून इंजिन ऑइल ओतलं तर यंत्रणेतलं एकूण एक रबर खराब होतं, आणि मग सगळंच बदलावं लागतं.

डिस्कवरून थोडी वादावादी झाली. डाव्या डिस्कवर निळसर झाक आलेली, जाडी किमान मर्यादेच्या अगदी जवळ. ही मर्यादा डिस्कवरच कोरलेली असते. लेथवर टर्निंग करून घेतलं तर स्वस्तात भागेल असं मुलाचं म्हणणं. मिस्त्री तयार झाले नाहीत आणि मला त्यांचं पटलं. टर्निंगने पृष्ठभाग सपाट होतो पण डिस्क पातळ होते, आणि पातळ डिस्क कमी उष्णता पोटात घेते. शहरातल्या गाडीला एकवेळ चालेल, घाटातल्या गाडीत आपण नेमकी तीच गोष्ट कमी करतो जी हवी आहे. दोन्ही डिस्क नव्या घातल्या.

मागचे ॲडजस्टर सोडवून साफ केले, लायनरची चकाकी पॉलिश पेपरने काढली, व्हील सिलेंडरची रबरं उचलून आत ओल नाही याची खात्री केली. हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली केली, शू जुळवले, आणि सगळ्यात शेवटी केबल.

मग तेल. टाकीतलं जुनं पिचकारीने उपसलं, झाकणावर लिहिलेल्या प्रतीचं, सीलबंद बाटलीतलं नवं भरलं, आणि पुस्तिकेतल्या क्रमाने एकेका चाकाच्या निप्पलला पारदर्शक नळी लावून जुनं बाहेर काढलं. पेडलवर सूनबाई, चाकाशी मिस्त्री. "दाबा… धरा… सोडा." मिस्त्रींनी निप्पल बंद करायच्या आत पाय उचलला तर हवा परत आत जाते, म्हणून दोघांचा ताल जमायला वेळ लागला. पुढच्या डाव्या चाकातून आलेलं तेल काळ्या चहासारखं होतं, तळाला गाळ. चारही चाकांना मिळून लिटरभर नवं तेल गेलं. मास्टर सिलेंडरच्या तुलनेत त्याची किंमत किरकोळ.

नवीन पॅड आणि डिस्क लगेच घाटात न्यायचे नसतात. पहाटे मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू वेग कमी करायचा, पूर्ण न थांबता पुन्हा पुढे, मध्ये निवायला वाव देत, असं बरेचदा केलं. मग मोकळी गाडी यवतेश्वरला नेली आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरवली. समर्थ मंदिराशी थांबून बंदूक धरली तर पुढची दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागची, पहिल्यांदाच, चांगली कोमट. पुढच्या आठवड्यात भरलेल्या गाडीनेही तेच दाखवलं.

न्यूट्रलचा वाद

घरात खरा वाद पेटला तो यावर. मिस्त्रींनी जाता जाता विचारलं होतं, "न्यूट्रल कोण करतं?" मुलगा आजोबांकडे बघायला लागला. गाडी चालवायला त्यांनीच शिकवलेलं, उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायची सवयही त्यांचीच.

आजोबांची बाजू पूर्ण खोटी नाही. त्यांच्या काळातल्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत उतारावर थोडं इंधन वाचायचं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर इंधन जवळजवळ तोडतो, कारण चाकंच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला उलट थोडं इंधन जाळावं लागतं. बचत संपली, धोका राहिला.

धोका किती, याचा हिशोब मी कागदावर मांडून दाखवला. गाडी, माणसं आणि सामान मिळून दोन हजार किलो धरू, उतार चारशे मीटरचा धरू. एवढं वजन एवढं खाली येताना सुमारे ७८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पंचवीस लिटर गार पाण्याचा अख्खा बंब उकळीला यायला साधारण इतकीच ऊर्जा लागते. दुसऱ्या गिअरमध्ये तिचा मोठा हिस्सा इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये, वाऱ्याचा आणि टायरचा थोडा वाटा सोडला, तर सगळा बंब चार चाकांच्या ब्रेकवर तापतो. या गाडीत तर तो दोन चाकांवरच तापत होता.

आजोबांनी कागद बघितला आणि म्हणाले, "मग आमची जीप कशी उतरायची?" त्या जीपमध्ये तिसरा गिअर टाकला की इंजिनच एवढं ओढायचं की ब्रेक लागायचाच नाही, हे त्यांनीच दोन वाक्यांनंतर सांगितलं. कोणता दोष किती, यावर माझं मत असं: गाडी धडधाकट असती तर न्यूट्रलमध्येही बहुधा निभावून नेलं असतं, आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरवली असती तर बिघडलेल्या गाडीनेही बहुधा निभावून नेलं असतं. मिस्त्री मात्र तेलालाच पहिला नंबर देतात.

राहिलेलं काम

डाव्या पिनचं बूट कशाने फाटलं ते कळलं नाही. वॉशिंगच्या जोरदार फवाऱ्याने असेल, किंवा पंक्चरच्या वेळी जॅक किंवा पान्याचा धक्का लागून. पुढचे दोन रबरी होज वाकवून बघितले तर वरच्या थरावर बारीक भेगा आहेत. ते तेलाबरोबरच बदलायला हवे होते, पण त्या मॉडेलची जोडी त्या दिवशी साताऱ्यात मिळाली नाही आणि सूनबाईंना सोमवारी गाडी हवी होती. होज पुण्याहून मागवलेत. चाचणीच्या फेऱ्या सोडल्या तर ते येईपर्यंत गाडी गोडोली ते पोवई नाका एवढीच फिरते, आणि आले की पुढच्या दोन चाकांची एअर पुन्हा काढावी लागणार. पेडलवर यावेळी आजोबांनी बसायचं ठरलंय.